गोठणगावचा लोसार

१९ फेब्रुवारी २०२५

इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटले आहे. गोठणगावच्या रस्त्याला दोन्हीकडे उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्या झाल्या आहेत, पळसाला पहिली फुले आली आहेत. एका वळणावर पताका सुरू होतात. निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी, नेहमी याच क्रमाने. तिथून पुढे नोर्ग्येलिंग. आजूबाजूच्या गावांसाठी हा नुसता ‘तिबेटी कॅम्प’. १९७२ साली वस्ती बसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. पुढे गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या तोंडी या वस्तीचे नाव अजून भंडाराच आहे. बेंगळुरूच्या किंवा धरमशालेच्या तिबेटी माणसाला ‘भंडाऱ्याची’ म्हटले की त्याला बरोबर कळते.

मोलाकडे उतरले आहे. मोला म्हणजे आजी. वस्तीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या बायका मोला आणि म्हातारे पोला, पण ही माझी मोला. लहान असताना आईच्या पाठीवर बसून तिने हिमालय ओलांडला. नंतरची वर्षे रस्ते बांधणाऱ्या मजुरांच्या तंबूंत गेली आणि मग ती इथे, विदर्भाच्या उन्हात आली. हिंदी बोलते, मध्येच झाडीबोलीतला शब्द टाकते.

खिडकीत पितळी ताटलीत जव पेरले आहेत. लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, देवापुढे हिरवे अंकुर लागतात. जव इथे पिकत नाहीत, ते लडाखहून कुणीतरी आणून दिले. मी कॅमेरा काढला तर म्हणाली, “पुमो (मुली), आज काय काढतेस? बोटभर होऊ दे.” मी तरीही काढला आणि तिला सांगितले की रोज सकाळी याच जागेवरून, याच उजेडात ताटलीचा एक फोटो घेणार आहे. तिला ते पटले. संध्याकाळी तिनेच ताटलीभोवती खडूने खूण करून ठेवली, म्हणजे कुणी झाडताना हलवली तरी परत जागेवर ठेवता येईल.

लोसारचे फोटो म्हटले की रेशमी चुबा म्हणजे झगे, फर लावलेल्या टोप्या आणि हसरी मुले असतात. तसे माझ्याकडेही खूप आहेत. यंदा त्या दिवसामागचे काम टिपायचे ठरवून आले आहे. कुणी काय केले, कशाने केले, कोणाकडून शिकले ते. आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव.

२१ फेब्रुवारी

दिवसभर खाप्से. मैद्याची, लोणी घातलेली कणीक लाटायची, कापायची, पीळ द्यायचा, तळायची. चार घरच्या बायका एका अंगणात जमल्या होत्या. बहुतेक जणी नुकत्याच परतल्या आहेत. ऑक्टोबर ते जानेवारी त्या स्वेटर विकायला शहरांत असतात. नागपूरच्या तिबेटी स्वेटर बाजारात ज्यांच्याकडून आपण घासाघीस करून मफलर घेतो त्यांतल्या काही याच. माल लुधियानाहून उधारीवर उचलायचा आणि थंडी संपायच्या आत विकून फेडायचा. थंडी कमी पडली की वर्षाचा हिशेब बिघडतो. या वर्षीच्या धंद्याचे बोलणे तळणावर चालू होते. मी ते टिपून घेतले, कारण सणाला कोणत्या घरी किती खाप्से तळले जाणार हे त्या हिशेबावरच ठरते.

सगळ्यात मोठा प्रकार गाढवाच्या कानाएवढा लांब, नावही तेच. तो तळणे दोघींचे काम आहे. एकीने कढईत सोडायचा, दुसरीने लांब काडीने आकार धरून ठेवायचा, नाहीतर कान मिटतो. असे कान एकमेकांवर आडवेउभे रचून देवघरापुढे मनोरा उभा राहतो. मी ३५ मिलिमीटरच्या भिंगाने जवळ बसून फक्त हात घेतले. जिच्या हातचा कान कधीच मिटत नाही ती बाई साठीची आहे. तिच्याकडून शिकायला दोन मुली बसल्या होत्या. एक बेंगळुरूला परिचारिका आहे, दुसरी बेल्जियमला जायच्या कागदपत्रांची वाट पाहते आहे. दोघींनी पीठ मळताना मोबाइलवर चित्रफीत घेतली. पुढच्या लोसारला आपण कोणत्या देशात असू हे त्यांना ठाऊक नाही, मळण्याचे प्रमाण मात्र त्यांना सोबत हवे आहे.

ज्या मुलीची कागदपत्रे अडली आहेत ती माझ्या वहीत नावे लिहून देते आहे. तिबेटी लिपीत एक, देवनागरीत एक. घराण्याचे मूळ गाव कोणते तेही.

२३ फेब्रुवारी

दुपारी ऊन फार. एका पोलांच्या पत्र्याच्या पेटीतले फोटो पाहत बसले. पहिली घरे, पहिला ट्रॅक्टर, जंगल तोडून काढलेल्या शेतात रांगेने उभी माणसे. अर्जुनीच्या की नागपूरच्या कुठल्याशा स्टुडिओत, रंगवलेल्या ताजमहालापुढे चुबा घालून बसलेले नवरा-बायको. बहुतेकांच्या मागे काहीच लिहिलेले नाही. एका रांगेतल्या माणसांची नावे पोलांनी डावीकडून उजवीकडे सांगितली, एकावर अडले, बायकोला हाक मारली. तिलाही आठवेना. मग शेजारून एकांना बोलावले आणि नाव सापडले. ते नाव सांगू शकणारे वस्तीत आता एवढेच एक गृहस्थ आहेत. पुढच्या लोसारला विचारले असते तर कदाचित कुणीही नसते.

तिबेटच्या छायाचित्रांचा सगळा इतिहासच या दुखण्याने भरलेला आहे. १९०५ च्या जानेवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ल्हासाचे फोटो सलग ११ पाने छापले. जगाने ल्हासा पहिल्यांदा एवढे जवळून पाहिले. ते काढले होते त्सिबिकोव्ह आणि नोर्झुनोव्ह या दोघांनी, एक बुर्यात, दुसरा काल्मिक, दोघेही बौद्ध. यात्रेकरू म्हणून गेले म्हणूनच त्यांना जाता आले, आणि कॅमेरा लपवूनच वापरावा लागला. मग इंग्रज अधिकारी आले. चार्ल्स बेल १९२० मध्ये ल्हासाला गेला तेव्हा त्याच्याबरोबर राबदेन लेपचा नावाचा सिक्कीमकडचा सेवक होता. बेलच्या संग्रहातले कितीतरी फोटो या राबदेनने काढले आहेत. अनेक वर्षे ते बेलचेच समजले जात. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने आणि ब्रिटिश म्युझियमने १९२० ते १९५० या काळातले सुमारे सहा हजार फोटो एकत्र करून ‘तिबेट अल्बम’ मांडला, त्यात कोणता फोटो कुणी काढला, फोटोत कोण आहे, कोणता विधी चालला आहे याचा कसून शोध घेतला गेला. तेव्हा कुठे राबदेनला त्याचे श्रेय मिळाले. फोटोतल्या साध्या माणसांची नावे मात्र पुष्कळदा कुणीच लिहिलेली नव्हती. सरदार, मंत्री, लामा यांची आहेत. ओझे उचलणारा, जव झोडपणारी बाई, भिकारी, नर्तक यांच्याखाली नुसते धंद्याचे नाव.

ल्हासातल्या त्सारोंग घराण्यातला दुन्दुल नामग्याल स्वतः कॅमेरा बाळगून होता. त्याने आपल्याच माणसांचे, आपल्याच शहराचे फोटो काढले आणि हद्दपारीत आल्यावर त्यांचे पुस्तक केले. तिबेटी माणसाच्या हातातला कॅमेरा हा आजचा नाही, हे मला वस्तीतल्या मुलांना आवर्जून सांगावेसे वाटते. आज दोघांना सांगितले. एकाने लगेच त्सारोंगचे फोटो मोबाइलवर शोधून काढले आणि आजीला दाखवायला पळाला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

प्रतापगडची यात्रा. वस्तीपासून जवळच. महादेवाच्या पहाडीवर त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढणारे लोक, पायथ्याच्या बाजूला ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या दर्ग्यावर चादरी. एकाच वाटेने दोन्हीकडची गर्दी वाहते. वस्तीतली पोरे दुपारीच जत्रेत जाऊन पाळण्यात बसून आली. संध्याकाळी त्यांच्याच घरी देवघराचे पडदे धुऊन वाळत होते. परवा लोसार. आपली माघातली अमावास्या आणि त्यांच्या वर्षाची अखेर यंदा एकाच आठवड्यात आली आहे. मी जत्रेत थोडेच फोटो काढले. तिथे कॅमेरे पुष्कळ होते.

२७ फेब्रुवारी

गुथुक. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या एकोणतिसाव्या तिथीचे हे जेवण, नऊ जिनसांचे सूप. त्याआधी घर झाडून, जळमटे काढून, कचऱ्याचा शेवटचा कण बाहेर. सुपात पिठाचे मोठे गोळे असतात, प्रत्येकात काहीतरी लपवलेले. मिरची निघाली तर बडबड्या, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा, लोकर निघाली तर मऊ मनाचा, कागद निघाला तर अभ्यासू. घरातल्या सगळ्यात शांत जावयाला मिरची मिळाली, सगळे घर हसत सुटले. मला लोकर आली. मोलाने आधीच गोळा चाचपून माझ्या वाडग्यात सोडला असेल, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

पण खरा विधी त्यानंतरचा. पिठाची एक बाहुली करतात, ल्यू. घरातला प्रत्येक माणूस मळलेल्या पिठाचा तुकडा हातात घेऊन जिथे दुखते तिथे फिरवतो. मोलाने गुडघ्यांवरून, सुनेने पाठीवरून, नातवाने ताप आला होता म्हणून कपाळावरून. त्या तुकड्यावर मुठीचा ठसा उमटवून तो बाहुलीपाशी ठेवायचा. वाडग्यात मुद्दाम उरवलेले सूपही तिच्यापाशीच. मग तणसाची जळती पेंढी घेऊन घरातल्या खोलीखोलीतून फिरायचे, “थोन शो मा!” असे ओरडत, म्हणजे जे वाईट आहे ते बाहेर पडावे. शेवटी बाहुली नेऊन तिठ्यावर ठेवायची आणि मागे न पाहता परतायचे. तिबेटात जवाचे काड असे. इथे धानाचे तणीस आहे आणि ते उत्तम जळते.

नागपूरकराला या वेळी मारबत आठवल्याशिवाय राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत शहराबाहेर नेताना तोच आरडाओरडा, तेच दुखणे-बहाणे तिच्या गळ्यात घालणे. मी हे मोलाच्या सुनेला सांगितले. ती म्हणाली, “दीदी, आम्ही शाळेत असताना मारबत बघायला गोठणगावात धावत जायचो. आम्हाला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.”

तिठ्यावर आधी जाऊन समोरून फोटो घ्यायला मोलाची मनाई होती. समोर उभ्या राहणाऱ्याच्या अंगावर ती पीडा येते. म्हणून मी मिरवणुकीच्या मागून चालले. मिळाल्या त्या पाठी, पेंढीचा जाळ, उडालेल्या ठिणग्या, फटाक्यांच्या उजेडात क्षणभर दिसलेला कोपऱ्यावरचा पळस. या विधीचा फोटो मागूनच असायला हवा. ज्यांनी तो केला त्यांनी सगळे मागूनच पाहिले आहे.

ताटलीतले जव टीचभर झाले आहेत. मोलाने त्यांना लाल कागदाचा पट्टा गुंडाळला.

२८ फेब्रुवारी, लोसार, तिबेटी साल २१५२, लाकूड-साप

पहाटे चारला उठवले. पहिले पाणी आणायची घाई, मग गरम छांग, म्हणजे आंबवलेल्या धान्याची दारू, त्यात सुके चीज आणि गूळ. देवघरापुढे खाप्सेचा मनोरा, हिरवे जव, लोण्याची फुले लावलेली छेमारची लाकडी पेटी. पेटीच्या एका भागात लोणी-साखर मळलेला त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, दुसऱ्यात भाजलेले धान्य. येणाऱ्याने चिमूटभर घेऊन तीनदा हवेत उडवायचे, मग थोडे तोंडात टाकायचे. “टाशी देलेक” म्हणताना आज मुलांचा आवाज वेगळाच असतो.

गोंपात, म्हणजे मठात, लोण्याच्या दिव्यांचा पिवळा उजेड. कॅमेऱ्याने तो आपोआप पांढरा करू नये म्हणून रंगाचा तोल हाताने बांधून ठेवला. फ्लॅश आणलाच नाही. सिंहासनावर दलाई लामांचे मोठे छायाचित्र, आणि सगळी वस्ती रांगेने त्यापुढे खादा, म्हणजे आदराचे पांढरे वस्त्र, वाहते आहे. म्हातारे कपाळ टेकवतात, तान्ह्यांचे कपाळ आया टेकवतात. इथे छायाचित्र हेच दर्शन आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिबेटमध्ये हाच फोटो घरात, मठात ठेवण्यावर बंदी आली. तो लपवून ठेवावा लागतो, सापडला तर शिक्षा होते. वस्तीतल्या पुष्कळांचे भाऊबहीण, भाचे अजून तिकडे आहेत. रांगेतल्या एका बाईने मला हळूच सांगितले, “माझा चेहरा घे, घरी लावायला दे, पण बाहेर कुठे छापू नकोस. तिकडे माझी बहीण आहे.” तिच्या नावापुढे वहीत खूण केली. अशा खुणा वहीत बऱ्याच आहेत. नाव लिहून ठेवणे आणि नाव सांभाळणे ही दोन्ही कामे मला सारखीच करायची आहेत.

तिबेटमधल्या दिंगरीला ७ जानेवारीच्या भूकंपात गेलेल्यांसाठी एका कोपऱ्यात वेगळे दिवे होते. सरकारी आकडा १२६ सांगतो. दिंगरीकडून आलेले एक कुटुंब त्या दिव्यांत तूप घालत होते. त्यांनी नवे कपडे घातले नव्हते.

पोला म्हणाले, २००९ साली बहुतेक वस्त्यांनी लोसार साजराच केला नाही. आदल्या वर्षी तिबेटात झालेल्या दडपशाहीत जे गेले त्यांचे सुतक. त्या वर्षीचा एकही फोटो त्यांच्या पेटीत नाही. मी वहीत २००९ चे पान केले आणि त्यावर त्यांनी सांगितले ते लिहून ठेवले.

२ मार्च

तिसरा दिवस, सांग (धूप) आणि लुंगता (पताका). गच्चीवर, टेकाडावर धुपाचे मोठे धूर. शुक्पा नावाचा डोंगरी सुरू इथे मिळत नाही, पोत्यातून येतो. तो पुरवून पुरवून वापरतात, इथली वाळकी पाने घालून धूर वाढवतात. जुन्या पताका उतरवल्या, उन्हाने त्यांवरची अक्षरे पार गेलेली. नव्या चढल्या. सगळ्यांनी मुठीत त्साम्पा घेतला, हात वर गेले, “की की सो सो, ल्हा ग्याल लो!” आणि पांढरी धूळ उन्हात उडाली.

हा क्षण सगळ्यांना हवा असतो आणि तो सोपा आहे: सूर्य धुरामागे घ्यायचा, मुठी उघडायच्या आधी दाबायचे. मी तो घेतला. पण आजचा माझा आवडता फोटो त्याआधीचा आहे: एक पोला जमिनीवर बसून दोऱ्याला पताका शिवत आहेत, क्रम चुकू नये म्हणून पाच रंग मांडीवर वेगवेगळे ठेवलेले. त्यांना दिसते कमी. रंग ते नातीला विचारतात. नात दुसऱ्या हाताने मोबाइल पाहते आणि बरोबर रंग सांगते.

९ मार्च

वस्तीतले एक घर यंदा लोसारात नव्हते. तिथले पोला जानेवारीत वारले. आज त्यांचा एकोणपन्नासावा दिवस. मागच्या खेपेला मी त्यांचा फोटो काढला होता, दारात बसून ताक पितानाचा. मोठा करून आणला होता. आल्या दिवशीच मुलाने सांगितले, “दीदी, आता नको. एकोणपन्नास दिवस होऊ देत. फोटो पाहिला, नाव घेतले की ते घराकडे ओढले जातात.” फोटो मोलाच्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवला होता.

आज सकाळपासून जांगछोग. लामांच्या पुढ्यात काडीला लावलेला कागद, त्यावर गुडघे टेकलेल्या माणसाची छापील आकृती आणि गेलेल्या माणसाचे नाव. विधी त्या कागदाशी चालतो. मृताला तिथे बोलावतात, बसवतात, खाऊ घालतात, त्याच्या हातून घडलेले वाईट धुतात, पुढची वाट समजावून सांगतात. घरातली माणसे शेवटचे बोलून घेतात. आणि मग कागद दिव्यावर जाळतात. राख मातीत मिसळून तिच्या छोट्या मूर्ती, त्सा-त्सा, करतात.

त्यांची मुलगी फ्रान्समध्ये आहे, तिला येता आले नाही. मोबाइल धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यात ती. पण आवाज तुटत होता, चित्र थबकत होते. तिनेच भावाला सांगितले होते, दीदीला सगळे काढायला सांग, काही सोडू नको. लामांनी मान हलवली, “काढा. पण मध्ये थांबू नका.” मी थांबले नाही. कागद कसा उभा केला, त्यापुढे काय काय मांडले, कोणी कोणत्या क्रमाने वाकून नमस्कार केला, लामांचे हात घंटेवर कसे होते, ज्योत आकृतीच्या पायाला लागून वर कशी गेली, सगळे ओळीने. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा असे पुष्कळजण म्हणतात. आज मला ते पटत नाही. त्या मुलीला वडिलांचे जाणे क्रमाने पाहायचे होते, आणि या खोलीत ते तिच्यापर्यंत पोचवू शकणारी मी एकटी होते.

दुपारी जेवणे झाल्यावर मुलगा मोलाकडे आला आणि कापडातला फोटो घेऊन गेला. भिंतीवर खिळा आधीच ठोकला होता.

१० मार्च

१९५९ साली आजच्या दिवशी ल्हासातल्या लोकांनी नोर्बुलिंगका महालाला वेढा घालून दलाई लामांना चिनी छावणीत जाऊ दिले नव्हते. सकाळी झेंडा, भाषणे, घोषणा. एका मुलीने कपाळावर पट्टी बांधली होती. गोठणगावातले शाळेचे मास्तर आणि दोन-तीन ग्रामस्थ येऊन मागे खुर्च्यांवर बसले. त्यांचा फोटो घेतला. त्यांचीही नावे वहीत गेली.

१२ मार्च

आज प्रिंट वाटले. अर्जुनीत काढून आणले, प्रत्येक घराला त्यांचे. मागे पेन्सिलीने, दोन लिप्यांत: कोण, कोणाचा कोण, काय चालले आहे, तारीख, तिबेटी तिथी. ज्यांच्या नावापुढे खूण होती त्यांच्या फोटोंचा वेगळा गठ्ठा, तो फक्त त्यांच्याच हातात दिला. जवाच्या ताटलीचे फोटो मोलाने खिडकीच्या कडेने ओळीत लावले. नातवाने मोजून सांगितले की कोणत्या दिवशी अंकुर सगळ्यात जास्त वाढले.

खाप्सेवाल्या बाईने स्वतःच्या हातांचा फोटो बराच वेळ पाहिला आणि एक दुरुस्ती सांगितली: शेजारचे हात मी जिच्या नावावर लिहिले होते तिचे नव्हते, तिच्या जावेचे होते. बांगडी वेगळी आहे. खोडून नीट लिहिले. मग सगळ्याच बायका आपापले फोटो घेऊन मागची बाजू वाचायला बसल्या. आणखी चार नावे बदलली, एक गाव बदलले, एका फोटोत खिडकीतून डोकावणारे मूल कुणाचे यावर बरीच चर्चा झाली.

नावाच्या वहीची एक प्रत वस्तीच्या कार्यालयात राहील. पुढे नावे लिहून देणारी मुलगीच ती लिहील, आणि तिची कागदपत्रे आली तर खाप्से शिकणारी दुसरी. दोघींनी अक्षर एकसारखे ठेवायचे ठरवले आहे.

६ जुलैला दलाई लामांचा नव्वदावा वाढदिवस. तेव्हा इथे पाऊस असेल, धानाची रोवणी चालू असेल, आणि अर्धी वस्ती चिखलात. मोलाने सांगितले आहे की रबरी बूट घेऊन ये, आणि पताका शिवणाऱ्या पोलांचा हवा तेवढा मोठा फोटो आण, त्यांना आपले डोळे त्यात दिसायला हवेत.